गिलानुपट्ठान : करुणा आणि व्यवस्था
(शहापूर-मुरबाडच्या संदर्भात एक चिकित्सा)

श्रद्धेच्या आधारावर लोकांचे संघटन करून आरोग्यातील व अर्थव्यवहारातील विषमता दूर करता येईल काय, हा प्रश्न अलीकडे विहारांच्या कार्यकर्ता-शिबिरांतून वारंवार ऐकू येतो. प्रश्न विचारणाऱ्यास बहुधा उत्तर नको असते, अनुमोदन हवे असते. मग तिपिटकातील दोन-तीन प्रसंग सांगितले जातात, तथागतांच्या महाकरुणेचा गौरव होतो, आणि पुढच्या पौर्णिमेस आरोग्य-शिबिर घेण्याचे ठरते. शिबिरे घेऊ नयेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या पालि आधारांवर ती उभी केली जातात, ते आधार शिबिरापाशी थांबत नाहीत, असे आमचे नम्र मत आहे. ते या लेखात तपासून पाहावयाचे आहे. संदर्भासाठी आम्ही ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके घेतले आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर मूळच्या ठाणे जिल्ह्यातील आदिवासी तालुक्यांपैकी मुख्यतः हे दोनच ठाण्याकडे राहिले. आणि याच डोंगरपट्ट्यात आमच्या अनेक विहारांचे कार्यकर्ते जात-येत असतात.

१. एक प्रसंग आणि त्याचा उत्तरार्ध

काही वर्षांपूर्वी मुरबाड तालुक्यातील एका बौद्धवाड्यात वर्षावासातील ग्रंथवाचनासाठी आम्ही गेलो होतो. आवणी नुकतीच उरकली होती. बायामाणसांच्या पायांना चिखल्या झालेल्या होत्या. आम्ही नेहमीप्रमाणे महावग्गातील रुग्ण भिक्खूची कथा सांगितली. पोटाच्या विकाराने तो भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला असतो. हा आमच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून इतर भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवलेली असते. विहाराची पाहणी करीत भगवान तेथे येतात, आनंदाकडून पाणी आणवतात, दोघे मिळून त्यास धुतात आणि उचलून मंचकावर निजवितात. बाबासाहेबांनीही ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रुग्णांविषयीच्या या आस्थेला मुद्दाम स्थान दिलेले आहे.

कथा संपल्यावर श्रोत्यांतील एक आशा सेविका म्हणाली, “सर, त्याला धुतलं, निजवलं, हे कळलं. पण दुसऱ्या दिवशी त्याला कोणी बघितलं?”

आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते सामान्य होते. परतल्यावर ग्रंथ पुन्हा काढला, आणि इतकी वर्षे हा प्रसंग शिकवूनही आम्ही तो अर्धाच शिकवीत आलो, हे ध्यानात आले.

प्रसंगाचा उत्तरार्ध असा. भगवान संघ एकत्र बोलावितात. तुम्हांस येथे माता नाही, पिता नाही, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर ती कोण करील, असे विचारतात. ज्यास माझी सेवा करावीशी वाटते त्याने रुग्णाची करावी, असे सांगतात. व्याख्याने येथेच संपतात. विनय मात्र येथून सुरू होतो. रुग्णास उपाध्याय असेल तर तो बरा होईपर्यंत उपाध्यायाने त्याची सेवा करावी. उपाध्याय नसेल तर आचार्याने. तोही नसेल तर सहविहारी, अंतेवासी, समान उपाध्याय वा समान आचार्य असलेले भिक्खू यांनी. यांपैकी कोणीच नसेल तर संघाने. न केल्यास दुक्कटाचा दोष. त्यापुढे सेवा करण्यास कठीण अशा रुग्णाची पाच लक्षणे येतात आणि योग्य गिलानुपट्ठाकाची पाच लक्षणे येतात: त्यास औषध सिद्ध करता यावे, पथ्यापथ्य कळावे, मलमूत्र-वांतीची किळस नसावी, धम्मकथेने रुग्णास धीर देता यावा, आणि त्याची सेवा लाभापोटी नसावी, मैत्रीपोटी असावी. सर्वांत शेवटी, मृत भिक्खूचे पात्र व चीवर संघाने त्याच्या सेवकास द्यावे, असा नियम आहे.

या रचनेकडे लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. ग्रंथ आरंभी करुणेचे एक कृत्य दाखवितो. पण ते कृत्य पुन्हा तथागतांनाच करावे लागू नये म्हणून लगेच जबाबदारीचा क्रम लावतो, क्रम मोडणाऱ्यावर दोष ठेवतो, सेवकाची पात्रता ठरवितो आणि त्याचे देणेही ठरवितो. सेवकाने लोभ धरू नये हा नियम सेवकासाठी आहे. सेवकाचे देणे बुडवू नये हा नियम संघासाठी आहे. हे दोन नियम एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यापासून आशा सेविकेस ‘स्वयंसेविका’ म्हणून मानधनावर राबविले जात आहे, आणि २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातील आशांना त्यासाठी संप करावा लागला. सेवाभावाचे गोडवे गाऊन वेतनाचा प्रश्न मागे सारणाऱ्यांस विनयाचा आधार मिळणार नाही.

त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे: दुसऱ्या दिवशी कोणी पाहावयाचे हे ठरविण्यासाठीच तो प्रसंग विनयात नोंदला गेला.

२. दोन घाट, दोन लेख

पालि वाङ्मय बाजूस ठेवून क्षणभर शिलालेखांकडे वळू. हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत आणि दोहोंच्या माथ्यावरून प्राचीन व्यापारी मार्ग घाटावर चढतात. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट जुन्नरकडे जाते. शहापूरहून कसाऱ्याचा थळघाट चढला की नाशिकची त्रिरश्मी लेणी गाठता येतात.

नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा दीर्घ लेख आहे. अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञ केल्याची आणि त्या वेळी हजारोंच्या संख्येने गायी, तसेच घोडे, हत्ती व कार्षापणे दक्षिणा दिल्याची त्यात नोंद आहे. दान अफाट आहे; पण ते यज्ञाच्या दिवशी दिले गेले आणि त्याच दिवशी संपले. घाटाखालून पाठीवर माल वाहून आणणाऱ्या माणसाचा त्या नोंदीत पत्ता नाही.

त्रिरश्मीवरील दोन लेख वेगळ्या जातीचे आहेत. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापणे कायमची ठेवली, २००० एका दराने आणि १००० त्याहून कमी दराने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याजातून भिक्खूंच्या वर्षावासातील चीवरादी गरजा भागवावयाच्या. याला त्या काळची संज्ञा ‘अक्षयनीवी’. दुसरा लेख आभीर राजा ईश्वरसेनाच्या कारकिर्दीतील. त्यात विष्णुदत्ता नावाची शक कुळातील उपासिका कुलरिक (बहुधा कुंभार), ओदयंत्रिक (पाण्याची यंत्रे करणारे) आणि तिळपिषक (तेली) इत्यादी श्रेणींकडे रकमा ठेवते. हेतू एकच: त्रिरश्मीवर राहणाऱ्या चारी दिशांच्या भिक्खुसंघातील रुग्णांना औषध मिळावे.

आजच्या भाषेत ही श्रद्धेतून उभी राहिलेली आरोग्यनिधीची व्यवस्था होय. देणारी स्त्री आहे. निधी सांभाळणारे कारागीर आहेत, म्हणजे भांडवल त्यांच्याच उद्योगात फिरते. आणि औषध कोणाच्या लहरीवर अवलंबून नाही. विष्णुदत्ता मरण पावली तरी रुग्णास औषध मिळत राहावे, अशी ती योजना आहे. नाणेघाटाचे दान आणि त्रिरश्मीचे दान यांतला भेद रकमेचा नाही. दुसऱ्या दिवशी काय, याचा विचार एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, हा तो भेद.

परंतु आत्मगौरवात अडकू नये. विष्णुदत्तेच्या निधीतील औषध विहारातील रुग्णासाठी होते. ज्या तेल्याने व कुंभाराने व्याज भरले, त्याच्या घरातील तापलेल्या मुलासाठी लेखात एक अक्षरही नाही. लेणी पाहावयास जाणाऱ्या आमच्या तरुणांना ही उणीवही दाखविली पाहिजे. पूर्वजांची व्यवस्था चांगली होती. तिची कक्षा तोकडी होती.

३. राजाच्या दोन चुका

कक्षा विस्तारण्याचा विचार सुत्तपिटकात सापडतो. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात राजा महाविजिताने यज्ञ करावयाचे योजिले असता पुरोहित त्यास सांगतो की, राज्यातील उपद्रव दंडाने मिटणार नाही. शेती व गोपालन करणाऱ्यांना बी-बियाणे व अन्न दे, व्यापार करणाऱ्यांना भांडवल दे, सेवेत असणाऱ्यांना अन्न व वेतन दे. नाणेघाटाच्या लेखावर याहून समर्पक भाष्य दुसरे नाही. तरीही दाता येथे राजाच आहे, आणि प्रजेने मागितल्याचे सुत्तात कोठेही नाही.

चक्कवत्तिसीहनाद सुत्त आणखी पुढे जाते. त्यातील राजा निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते आणि दारिद्र्यातून चोरी उद्भवते. ही राजाची पहिली चूक. मग चोर पकडून आणला असता, उपजीविका नाही म्हणून चोरी केली, असे तो सांगतो. राजा त्या एकट्यास धन देतो. हे कळताच इतरही चोरी करू लागतात. मग राजा शिरच्छेदाकडे वळतो, आणि तेथून शस्त्रे, हिंसा, असत्य यांची परंपरा सुरू होते. सामान्यतः या कथेतून दारिद्र्य हे अधर्माचे मूळ एवढाच बोध घेतला जातो. आमच्या मते दुसऱ्या चुकीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. व्यवस्था न बदलता, समोर आणून उभ्या केलेल्या एका माणसास देणे, ही ती चूक. आमची शिबिरे, ब्लँकेटवाटप, वह्यावाटप हे सारे या दुसऱ्या चुकीच्या फार जवळ जाते.

येथे अभ्यासक म्हणून एक सावधगिरीही नोंदवितो. भूक हा सर्वांत मोठा रोग, या आशयाची धम्मपदातील गाथा कुपोषणाच्या प्रश्नावर नेहमी वापरली जाते. गाथेचा उत्तरार्ध मात्र संस्कारांच्या दुःखाकडे आणि निर्वाणाकडे वळतो. तिचा सामाजिक अर्थ मुख्यतः अट्ठकथेतून येतो. हरवलेला बैल शोधून दमलेला आळवीचा शेतकरी सभेत आला, तेव्हा भगवानांनी त्यास आधी जेऊ घालविले आणि मगच धम्म सांगितला, अशी ती कथा. अट्ठकथा उत्तरकालीन आहे, हे आम्ही लपवू इच्छित नाही. पण उपाशी माणसास उपदेश करू नये हे परंपरेला स्वतःलाच गाथेच्या अर्थाचा भाग वाटले, ही गोष्टही लहान नाही.

४. रिकाम्या वाडीतील शिबिर

आता प्रत्यक्ष भूमीकडे येऊ. १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण आणि नंतरचे भातसा धरण शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईच्या नळांना येणारे पाणी मोठ्या प्रमाणात या परिसरातून जाते, आणि त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. आरोग्यातील विषमता म्हणजे काय हे समजण्यास वेगळ्या व्याख्येची गरज नाही.

या पट्ट्यात कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली हे आदिवासी समाज आहेत. कुणबी व आगरी शेतकरी आहेत. आणि गावाच्या कडेला आमचे बौद्धवाडे आहेत. कातकऱ्यांस शासनाने विशेष दुर्बल आदिवासी गटात गणले आहे. पावसाळ्यात भाताची मजुरी असते. ती सरली की हात रिकामे होतात, उचल घ्यावी लागते आणि दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर निघतात. उचल फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही; पाऊस आल्याशिवाय भट्टी बंद होत नाही. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी नष्ट झाली; उचलीच्या रूपाने तिचा अवशेष राहिला. गरोदर बाईची नोंद पाड्यावर होते, दिवस भट्टीवर भरतात. गावचे उपकेंद्र म्हणते ती येथे नाही, भट्टीजवळचे म्हणते ती आमची नाही. मुलाचे वजन एका अंगणवाडीत सुटते ते दुसरीत धरले जात नाही. अर्थाचा प्रश्न आणि आरोग्याचा प्रश्न हे दोन प्रश्न नव्हेत. उचल घेतली त्याच दिवशी दोन्ही सुरू होतात.

अशा वेळी आमची शिबिरे कधी होतात? १४ एप्रिलला आणि वैशाख पौर्णिमेस. म्हणजे वाडी रिकामी असते तेव्हा. ज्यांच्यासाठी शिबिर घेतले असे अहवालात लिहिले जाते, ती माणसे त्या दिवशी विटा थापीत असतात. आणि शिबिर होते ते बहुधा बौद्धवाड्यातील समाजमंदिरात. ओहळापलीकडच्या कातकरीवाडीत आमचा कार्यकर्ता क्वचित जातो. स्पृश्यांच्या पाणवठ्याविरुद्ध चवदार तळ्याचा लढा देणाऱ्या समाजाने ओहळ ओलांडू नये, याचे आम्हांस दुःख होते. हा दोष दुसऱ्या कोणाचा म्हणून आम्ही सांगत नाही. अशा शिबिरांच्या दिनदर्शिका आखण्यात आमचाही हात होता.

५. श्रद्धा कोणती?

श्रद्धाधिष्ठित संघटन हा शब्दप्रयोगही तपासून घेतला पाहिजे. मज्झिमनिकायात श्रद्धेचे दोन प्रकार भेटतात. चंकी सुत्तात परंपरेवर विसंबलेली, आंधळ्यांच्या रांगेसारखी श्रद्धा ‘अमूलिका’, म्हणजे निर्मूळ ठरविली आहे. वीमंसक सुत्तात तथागतांचीही परीक्षा करण्याची मुभा शिष्यास दिली आहे, आणि अशा परीक्षेनंतरच्या श्रद्धेस ‘आकारवती’, म्हणजे सकारण, म्हटले आहे. पहिल्या श्रद्धेवर गर्दी जमविता येते. जाब विचारणारे संघटन दुसरीवरच उभे राहते. कारण ज्याने तथागतांस प्रश्न विचारला तो वैद्यकीय अधिकाऱ्यास, सरपंचास आणि स्वतःच्या विहार-समितीसही विचारू शकतो.

इतरांच्या कार्याकडे मोकळ्या मनाने पाहावे. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच स्त्रियांना, त्यांत दलित व निरक्षर स्त्रियाही, शिकवून आरोग्यसेविका केले; पाण्याचे पंप दलित वस्तीत बसविले, म्हणजे इतरांना पाण्यासाठी तेथे यावे लागले. त्यांची प्रेरणा धार्मिक होती. पद्धत मात्र अशी की सेविकेच्या ज्ञानावर गाव चाले, डॉक्टरच्या दयेवर नव्हे. श्रीलंकेत ए. टी. आरियरत्ने यांनी १९५८ मध्ये बहिष्कृत रोडिया समाजाच्या गावात श्रमदान करून सर्वोदय चळवळीस आरंभ केला. बौद्ध तत्त्वांवर गावे उभी करण्याचा तो मोठा प्रयत्न होय. पण सहकार्यावर भर देताना जमीन व सत्ता यांच्या संघर्षास ती चळवळ पुरेशी भिडली काय, ही शंका तिच्या समीक्षकांनी घेतली आहे. आम्हांसही ती रास्त वाटते.

बाबासाहेबांनी या शंकेचे उत्तर आचरणाने दिले होते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकास पाठिंबा देताना मातेच्या विश्रांतीचा भार मुख्यतः शासनाचा असला, तरी तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही तो उचलला पाहिजे, अशी भूमिका त्यांनी मांडली. दयेची याचना तीत नाही. भार कोणी वाहावयाचा याचा क्रम आहे, विनयातील उपाध्याय-आचार्यांच्या क्रमासारखाच. १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात ठाणे, कुलाबा, रत्नागिरीचे कष्टकरी सर्व जातींचे होते. पुढे आपल्या धम्मग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी विचारले, की भिक्खू हा केवळ परिपूर्ण मनुष्य व्हावा की समाजसेवक. आणि तो समाजसेवक झाला तरच बौद्ध धम्मास आशा आहे, असे सुचविले. आज विहाराच्या प्रत्येक विश्वस्तास हाच प्रश्न विचारता येईल.

६. काय करावे

या चिकित्सेतून काही गोष्टी निघतात. पहिली, दिनदर्शिका बदलावी. अशोक विजयादशमीस वाडीवरची माणसे अजून घरी असतात. त्या दिवशी विहाराने कोण कोठल्या भट्टीवर जाणार, कोण गरोदर आहे, कोणाचे मूल दुबळे आहे, कोणाचा क्षयाचा औषधोपचार चालू आहे, याची वही करावी. आणि एप्रिलच्या उत्सवातील निम्मी शक्ती भट्टीवर जाऊन ती वही पडताळण्यात लावावी. दुसरी, वही बौद्धवाड्यापुरती नसावी. चातुद्दिस संघ म्हणजे चारी दिशांचा संघ. ओहळापलीकडची दिशा त्यातून वगळलेली नाही. आणि त्या सेवेच्या मोबदल्यात त्रिशरणाची अपेक्षा करू नये. तसे केल्यास ती सेवा न राहता दक्षिणा होईल.

तिसरी, शिबिरापेक्षा जनसुनवाईस महत्त्व द्यावे. २००७ मध्ये महाराष्ट्रातील ज्या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला, त्यांत ठाणे जिल्हा होता. केंद्रात औषध का नव्हते, रुग्णवाहिका का आली नाही, हे गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांसमक्ष विचारावयाचे, ही त्याची रीत. दुक्कटाचा दोष कोणाचा हे संघासमोर ठरविण्यासारखेच ते आहे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने तेथील ग्रामसभेस पेसा कायद्याचे बळ आहे. मुरबाडच्याही काही गावांस ते आहे. चौथी, विहाराच्या दानपेटीतील काही भाग अक्षयनीवी म्हणून स्त्रियांच्या बचतगटाकडे ठेवावा, ज्यातून उचलीपूर्वीचे दोन महिने निभावतील. विष्णुदत्तेची योजना तीच. कक्षा तेवढी कुंभाराच्या घरापर्यंत न्यावयाची.

यावर दोन आक्षेप येतील. आमचा समाज स्वतःच गरीब असता त्याने इतरांचे ओझे का घ्यावे, हा पहिला. वहीस व जाब विचारण्यास पैसा लागत नाही. आणि भट्टीवर बौद्धवाड्यातील मजूरही असतो. हे शासनाचे काम आहे, हा दुसरा. ते शासनाचेच आहे, आणि म्हणूनच विहाराने स्वतः शासन होऊ नये. शासनास त्याचा क्रम आठवून द्यावा. अक्षयनीवीने सरकारी दवाखान्याची जागा घ्यावी असे आम्ही म्हणत नाही. तिने उचलीची जागा घ्यावी, एवढेच.

मुरबाडच्या त्या भगिनीस आम्ही पुन्हा भेटलो तेव्हा विनयातील क्रम वाचून दाखविला. तिने तो शांतपणे ऐकला आणि विचारले, आमच्या वाडीवर उपाध्याय कोण नि आचार्य कोण, हे कोणी ठरवायचे? आम्ही सांगितले की, कोणीच नसेल तेव्हा संघाने, असे ग्रंथात आहे. येत्या विजयादशमीस त्या विहारात वहीचे पहिले पान लिहावयाचे ठरले आहे. पहिले नाव ओहळापलीकडच्या वाडीतले असावे, एवढी विनंती आम्ही केली आहे.